रंग फिका पडला म्हणून कर्करोग हटत नाही

सीताफळाच्या किंवा लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा घेतला की कर्करोगाच्या पेशी मरतात आणि ‘हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे’, असा मजकूर गेली कित्येक वर्षे मोबाइलवर फिरतो आहे. त्यातली अडचणीची गोष्ट अशी की, शेवटचे वाक्य सरळसरळ खोटे नाही. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या कर्करोग पेशी मरतात, असे सांगणारे शोधनिबंध खरोखरच आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. हळद, तुळस, कडुनिंब, गुळवेल, शेवगा यांच्याबाबतही तेच. मात्र या निबंधांत ‘सिद्ध झाले’ याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की, प्लास्टिकच्या एका प्लेटमध्ये जांभळा रंग अपेक्षेपेक्षा फिका आला.

छत्रपती संभाजीनगरमध्ये हा विषय केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या बुलढाणा, जळगावकडूनही रुग्ण येतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये गावी गेलेला रुग्ण पाला उकळून पिऊ लागतो आणि डॉक्टरांना सांगत नाही, हा प्रकार कोणत्याही कर्करोग रुग्णालयाला नवा नाही. कोणी काढ्याच्या भरवशावर पुढची तारीखच चुकवतो. त्या भरवशाच्या मुळाशी जे ‘विज्ञान’ आहे ते नेमके काय मोजते, हे म्हणूनच नीट पाहायला हवे.

या चाचणीचे नाव एमटीटी. टिम मॉसमन या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ती मांडली. पेशीविज्ञानात तिच्याइतकी वापरली गेलेली चाचणी क्वचितच असेल. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये ९६ छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात काही हजार कर्करोग पेशी वाढवतात. आपल्याकडे या पेशी बहुधा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून येतात. पेशींवर वनस्पतीचा अर्क वेगवेगळ्या प्रमाणात टाकून एक-दोन दिवस थांबतात. मग एमटीटी नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचे द्रावण घालून प्लेट शरीराच्या तापमानाला तीन-चार तास ठेवतात. जिवंत पेशी या पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. ते स्फटिक विरघळवून यंत्राने रंगाची गडदता मोजतात. रंग निम्म्यावर आला की त्या प्रमाणाला अर्काची ‘परिणामकारक मात्रा’ म्हणतात. स्वस्त, झटपट आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही जमणारी ही चाचणी आहे. पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती वरदान वाटते, यात नवल नाही.

पण यंत्र पेशी मोजत नाही. ते रंग मोजते, आणि रंग बदलतो तो इलेक्ट्रॉन मिळाल्यामुळे.

हे समजून घ्यायला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत जायची गरज नाही, दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेले तरी पुरते. तिथे एमबीआरटी, म्हणजे मेथिलीन ब्लूची चाचणी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर निळे द्रावण घालायचे, बूच लावून नळी ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात उभी करायची आणि घड्याळाकडे बघत बसायचे. दुधातले जिवाणू श्वसन करतात, त्यात आधी विरघळलेला ऑक्सिजन संपतो. मग त्यांच्या चयापचयातून सुटणारे इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजन नसतो, ते निळ्या रंगद्रव्याला चिकटतात आणि निळा रंग उडतो. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात. नळी जोरात हलवली, हवेतला ऑक्सिजन पुन्हा आत शिरला, की निळाई परत येते. हे ऑक्सिडीकरण. ही ये-जा करणाऱ्या रंगद्रव्यांना रेडॉक्स रंग म्हणतात. भारतीय मानकानुसार कच्च्या दुधाचा निळा रंग पाच तास किंवा अधिक टिकला तर दूध अतिशय चांगले, तीन-चार तास टिकला तर चांगले आणि अर्ध्या तासाच्या आत उडाला तर वाईट. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला आणि दूध शीतकरण केंद्रापर्यंत पोहोचायला उशीर झाला, तर हा रंग किती लवकर उडतो, हे संकलन केंद्रावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता याच नळीत कोणी थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले तर? किंवा ज्या गायीला कासदाहासाठी प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले आहे, तिचे दूध त्यात आले तर? जिवाणू दबतात, रंग तासन्‌तास टिकतो आणि पिण्यास अयोग्य दूध ‘अतिशय चांगले’ ठरते. युरिया किंवा डिटर्जंटची भेसळ तर या चाचणीला दिसतच नाही. रंगद्रव्य खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न एवढाच असतो की इलेक्ट्रॉन किती वेगाने येत आहेत. दूध शुद्ध आहे का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. म्हणून दूध संघ एकट्या एमबीआरटीवर विसंबत नाहीत, पेरॉक्साइडची, युरियाची, प्रतिजैविकाची चाचणी वेगळी करतात.

रंगांचा हा उपयोग जुना आहे. मेथिलीन ब्लू १८७६ मध्ये जर्मनीत हाइनरिश कारो यांनी तयार केले, ते कापड रंगवण्यासाठी. पुढे पाउल एर्लिक यांनी १८८५ च्या आपल्या ग्रंथात अशाच रंगांच्या साहाय्याने शरीरातला कोणता अवयव किती ऑक्सिजन वापरतो, याचा माग काढला. जिवंत ऊतींत रंग उडतो आणि हवा लागली की परततो, हे त्यांनी पाहिले. १८९१ मध्ये त्यांनी आणि पाउल गुटमन यांनी मलेरियाच्या रुग्णांना हेच मेथिलीन ब्लू औषध म्हणून दिले. आजही रक्तातले हिमोग्लोबिन बिघडून ऑक्सिजन वाहेनासे झाले, म्हणजे मेथहिमोग्लोबिनेमिया झाला, तर अतिदक्षता विभागात याच निळ्या रंगाचे इंजेक्शन देतात. तिथेही एक मेख आहे. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्यात हे इंजेक्शन उलटते आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. त्या विकराची कमतरता तपासायची एक जुनी, स्वस्त चाचणीही दुसऱ्या एका रेडॉक्स रंगाचा निळेपणा किती वेळात उडतो, यावरच चालते.

रंग नीट वाचण्याचा उत्तम नमुना मात्र रुग्णालयात नाही, तो साठ किलोमीटरवर जालन्यात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको सुरू केली आणि पुढे जालना हे बियाण्यांचे शहर झाले. बियाण्याच्या प्रयोगशाळेत टेट्राझोलियम नावाची चाचणी होते. हे टेट्राझोलियम म्हणजे एमटीटीचे सख्खे भावंड. भिजवलेले बी त्याच्या रंगहीन द्रावणात ठेवले की जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. जर्मनीच्या गेओर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात ती रूढ केली. उगवण चाचणीला सोयाबीनसाठी आठवडाभर लागतो, ही एक-दोन दिवसांत अंदाज देते.

तरीही बी लाल झाले एवढ्यावर कोणी लॉट पास करत नाही. मोडाचे टोक लाल आहे का, मुळाच्या जागी पांढरा ठिपका आहे का, एखादा भाग नको इतका गडद झाला आहे का, हे बी उघडून भिंगाखाली बघतात. गडद लाल म्हणजे जास्त जिवंत नव्हे. आपटल्याने, ओलाव्याने इजा झालेला भाग अधिक गडद रंगतो. आणि शेवटचा निकाल ओल्या कागदावर किंवा वाळूत प्रत्यक्ष उगवलेल्या रोपांचाच, सोयाबीनसाठी किमान ७० टक्के. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर ओरड झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वृत्तपत्रांतील बातम्यांची स्वतःहून दखल घेतली होती. बियाण्याच्या बाबतीत ‘प्रयोगशाळेत जिवंत दिसले’ आणि ‘शेतात उगवले’ यांतला फरक शेतकऱ्याला पुरता ठाऊक आहे. पेरणी वाया गेली की तो दुकानदाराला जाब विचारतो. हाच शेतकरी घरातल्या आजाऱ्यासाठी ‘प्रयोगशाळेत पेशी मेल्या’ हे वाक्य ऐकतो, तेव्हा जाब विचारायला कोणी समोर नसते.

एमटीटीच्या प्लेटमध्ये काय काय बिघडू शकते, हे दूध आणि बियाण्यावरून लक्षात येते. वनस्पतींच्या अर्कांत पॉलिफिनॉल असतात, जीवनसत्त्व क असते. ही द्रव्ये स्वतःच इलेक्ट्रॉन देणारी आहेत, ज्या गुणासाठी त्यांना ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून डोक्यावर घेतले जाते तोच हा गुण. परिणाम असा की, खळग्यात एकही पेशी नसली तरी असा अर्क पिवळ्या एमटीटीला जांभळे करू शकतो. ही गोष्ट वीसहून अधिक वर्षे शोधनिबंधांत नोंदलेली आहे. पेशी मेल्या असल्या तरी रंग गडद दिसेल आणि ‘अर्काने पेशींचे संरक्षण केले’ असा निष्कर्ष निघेल. हळदीचा अर्क स्वतःच पिवळाजर्द असतो, पानांचा हिरवा-तपकिरी. तो रंगही यंत्राच्या मोजणीत मिसळतो. उलट बाजूने, पेशी मेली नाही, फक्त तिचा चयापचय मंदावला किंवा तिची वाढ थांबली, तरी जांभळा रंग फिका पडतो. दमलेली पेशी आणि मेलेली पेशी यांत एमटीटीला फरक दिसत नाही. औषध काढून घेतल्यावर अशा पेशी पुन्हा वाढू लागल्या, असेही घडते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने साठ प्रकारच्या कर्करोग पेशींवर हजारो द्रव्ये तपासण्याचा जो कार्यक्रम चालवला, त्यात म्हणूनच रेडॉक्स रंगाऐवजी पेशीतल्या प्रथिनांना चिकटणारा एसआरबी हा रंग निवडला गेला. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे, तिथेही बाहेरच्या संशोधकांची द्रव्ये एसआरबीने तपासून दिली गेली आहेत. म्हणजे राज्यातल्या राज्यात दुसरा साक्षीदार उपलब्ध आहे. एमटीटी वाईट आहे असे नव्हे. पण एकट्या साक्षीवर फाशी देऊ नये, तशी एकट्या साक्षीवर सुटकाही करू नये.

याहून साधा आक्षेप मात्र रंगाचा नाहीच. प्लेटमधल्या पेशींना मारणे सोपे असते. साबणाच्या पाण्याने त्या मरतात, मिठाच्या तीव्र द्रावणाने मरतात. औषध तेच, जे कर्करोगाची पेशी मारते आणि शेजारची निरोगी पेशी बऱ्यापैकी राखते, आणि तेही माणसाच्या रक्तात जितके पोहोचू शकते तितक्याच प्रमाणात. कच्च्या अर्काने मिलिलिटरला साधारण २० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या मात्रेत परिणाम दाखवला तरच तो पुढे नेण्याजोगा, असा जुना दंडक आहे. पुष्कळ निबंधांत मात्र शंभर, दोनशे, पाचशे मायक्रोग्रॅमलाही ‘लक्षणीय’ म्हटलेले आढळते. हळदीतल्या कर्क्युमिनचे उदाहरण घ्या. तैवानमधल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, रुग्णांना रोज ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिले गेले. तरी रक्तात त्याचे प्रमाण मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आतच राहिले. प्लेटमध्ये पेशी मारायला याच्या कित्येक पट लागते. आतडे ते फारसे शोषत नाही आणि यकृत उरलेल्याची वासलात लावते. वसमतच्या बाजारात येणारी हळद कितीही उत्तम असली तरी त्याला इलाज नाही.

सीताफळाची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे अर्क निरुपद्रवी नाही. दौलताबादपासून बीडच्या बालाघाट डोंगरापर्यंत माळरानांवर सीताफळ मुबलक आहे. त्याच्या बियांची पूड उवा मारण्यासाठी डोक्याला लावायची रीत खेड्यांत जुनी, आणि ती पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झालेले रुग्णही नेत्रतज्ज्ञांना नवे नाहीत. या कुळातल्या झाडांच्या बिया, पाने, साल यांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात. पेशीतल्या तंतुकणिकेत, जिथे अन्नापासून ऊर्जा बनते, तिथली इलेक्ट्रॉनची साखळी ती पहिल्याच कडीपाशी तोडतात. पेशीची ऊर्जा तुटते. प्लेटमध्ये कर्करोग पेशी मरतात त्या यामुळे, आणि या बाबतीत शोधनिबंध खरेच सांगतात.

पण ही साखळी कर्करोगाच्या पेशीत जशी असते तशीच मेंदूच्या पेशीतही असते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार फार आढळतो, असे फ्रेंच संशोधकांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांमध्ये तो अधिक होता. नंतर त्यातलेच एक ॲसिटोजेनिन उंदरांना टोचले, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या पेशी झिजल्याचे दिसले. माणसात कार्यकारण पूर्ण सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या रुग्णाच्या हातापायांना केमोथेरपीने आधीच मुंग्या येत आहेत, त्याला मज्जातंतूंवर संशय असलेला काढा रोज दोन वेळा पाजणे हा उपचार नव्हे, जुगार आहे. मोसमात चवीने खाल्लेल्या सीताफळाच्या गराविषयी हे बोलणे नाही. प्रश्न पाने आणि बिया उकळून, वाळवून, दाट करून महिनोन्‌महिने घेण्याचा आहे.

वनस्पतींतून कर्करोगाची औषधे मिळत नाहीत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. उलट केमोथेरपीच्या वॉर्डातल्या कित्येक बाटल्यांचे मूळ झाडाझुडपांतच आहे. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात त्याने चमत्कार वाटावा इतका फरक पडला. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते, आतड्याच्या कर्करोगावरचे इरिनोटेकान त्याच्यापासूनच बनते. त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली, तो वेगळा विषय.

या कॅम्प्टोथेसिनचा आणि पॅक्लिटॅक्सेलचा, म्हणजे टॅक्सॉलचा, शोध ज्या दोघांच्या नावावर आहे, त्यांतले एक मनसुख वाणी. त्यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, कर्मभूमी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना. मन्रो वॉल हे त्यांचे सहकारी. पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा झाली. तिचा अर्क पेशी मारतो हे १९६४ मध्ये कळले. आज ज्यावर बातमी होते, ‘कर्करोगावर औषध सापडले’ म्हणून, ती ही पायरी. तिथून पुढे वाणी आणि वॉल यांना अर्कातले नेमके एक द्रव्य वेगळे करून त्याची रचना छापायला १९७१ उजाडले. ते पेशीला कसे मारते, हे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांनी दाखवले. पाण्यात न विरघळणारे हे द्रव्य शिरेतून द्यायचे कसे, साल सोलून झाडेच संपतील त्याचे काय, किती मात्रेला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या खाली जातात, हे सगळे सुटेपर्यंत १९९२ चा डिसेंबर आला. तेव्हा कुठे अमेरिकेत बीजकोशाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. अर्काने पेशी मेल्यापासून रुग्णाच्या सलाइनपर्यंत अठ्ठावीस वर्षे. कॅम्प्टोथेसिनची वाट त्याहून खडतर होती. सत्तरच्या दशकात रुग्णांवरचे पहिले प्रयोग मूत्राशयाला होणाऱ्या इजेमुळे थांबवावे लागले, आणि त्यात रासायनिक बदल करून बनवलेली औषधे १९९६ मध्ये मान्य झाली.

आणि हे यशस्वी झालेल्यांचे. पहिल्या पायरीवर चमकलेली बाकीची हजारो द्रव्ये दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच गळाली. गळण्याची बातमी होत नाही, चमकण्याची होते.

या व्यवहारात दोष कोणा एकाचा नाही. विद्यार्थ्याला निबंध छापायचा असतो, महाविद्यालयाला मूल्यांकनात गुण हवे असतात. गावाकडच्या पानात कर्करोगाचे औषध सापडले, हा मथळा वृत्तपत्रालाही मोह पाडतो. त्यातला एक दुवा तरी लगेच सुधारता येईल. विद्यापीठ किंवा महाविद्यालय अशा संशोधनाची प्रेस नोट काढते, तेव्हा तीत चार गोष्टी असायलाच हव्यात: प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर; मात्रा किती होती; निरोगी पेशींवर तोच अर्क टाकून पाहिला का; आणि पेशी नसलेल्या खळग्यात अर्क व रंगद्रव्य घालून कोरी तपासणी केली का. शेवटच्या गोष्टीला तर ९६ पैकी मोजके खळगे आणि एका दुपारीएवढाच वेळ लागतो. ती न करता छापलेल्या आकड्याला विद्यापीठाच्या संशोधन समितीनेच हरकत घ्यावी. वार्ताहरांनीही हे चार प्रश्न विचारल्याशिवाय बातमी उचलू नये. मथळ्यात ‘प्रयोगशाळेतील पेशींवर’ हे दोन शब्द घातल्याने बातमीचे फार काही बिघडत नाही.

पूड आणि गोळ्या विकणाऱ्यांसाठी तर कायदाच आहे. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो, आणि यूट्यूबवरची चित्रफीत किंवा व्हॉट्सॲपवरचे पत्रक जाहिरातच असते. अन्न व औषध प्रशासनाने भेसळीच्या दुधाइतक्याच तत्परतेने या पुड्यांकडे पाहावे. आज तसे होताना दिसत नाही.

उशिराची किंमत किती असते, याचा हिशेब अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. बरा होण्याजोग्या टप्प्यावर असताना ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी उपाय निवडले, त्यांच्यात मृत्यूचा धोका उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक भरला. आपल्याकडे पुरुषांत सर्वाधिक आढळणारा तोंडाचा कर्करोग पहिल्या टप्प्यात शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. तीन महिने काढ्यात गेले तर गाठ मानेत उतरलेली असते आणि शस्त्रक्रियेचे स्वरूपच बदलते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. पैशांअभावी पाल्याकडे वळणाऱ्या कुटुंबाला ही माहिती तालुक्याच्या पातळीवरच, म्हणजे वैजापूर, कन्नड, सिल्लोडच्या सरकारी दवाखान्यातच मिळाली पाहिजे.

आणि जे उपचार घेत आहेत त्यांनी काढा, पूड, गोळ्या, जे काही घरी घेतले जाते ते पुढच्या तारखेला सोबत न्यावे, नाव माहीत नसेल तर पुडीच न्यावी. हळदीच्या दाट गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. केमोथेरपीच्या आधी यकृताच्या तपासणीचा अहवाल बिघडलेला आला, तर डॉक्टर औषधाची मात्रा कमी करतात किंवा फेरी पुढे ढकलतात. दोष औषधाचा की पुडीचा, हे त्यांना पुडी पाहिल्याशिवाय कळणार कसे? ती पाहून डॉक्टरांनी रागावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. एकदा ओरडा बसलेला रुग्ण पुढच्या वेळी पुडी घरी ठेवून येतो. ओपीडीत नोंद घेताना तंबाखू, बीपी, शुगर यांच्या प्रश्नांसोबत ‘घरी कोणता काढा चालू आहे का’ हा प्रश्न छापील स्वरूपात असावा. उत्तर ‘नाही’ आले, तर तो सोबत आलेल्या नातेवाइकाला पुन्हा एकदा विचारावा.